बांधकामात मार्केटिंग करायचं ठरवलंय? मग आधी साइटवर चला

नोकरीचा दुसरा आठवडा होता. हडपसरच्या बाजूला एका प्रकल्पाच्या सेल्स ऑफिसात एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची पत्नी आले. मी त्यांना क्लबहाउस, बाग, लहान मुलांचं मैदान, सगळं उत्साहानं सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फ्लॅटच्या नकाशावर बोट ठेवून विचारलं, "ताई, हा बीम पलंगाच्या डोक्यावर येतोय का?" नकाशात बीम, म्हणजे स्लॅब पेलणारी आडवी तुळई, कुठला हेच मला कळत नव्हतं. "विचारून सांगते," मी म्हणाले. काकू उठत म्हणाल्या, "चालेल, तोवर आम्ही आणखी एक-दोन ठिकाणी बघून येतो." ते परत आले नाहीत.

त्या संध्याकाळी मी साइट इंजिनिअरकडे गेले आणि म्हटलं, मला नकाशा वाचायला शिकवा. माझं या क्षेत्रातलं खरं शिक्षण तिथून सुरू झालं. आज अठरा वर्षं झाली. पुण्यात फ्लॅट विकले, मधली चार वर्षं बांधकाम साहित्याच्या कंपनीत सांगली-कोल्हापूर भाग फिरले, आता पुनर्विकासाच्या प्रकल्पांचं काम बघते. नवीन मुली भेटतात तेव्हा विचारतात, या लाइनमध्ये बाईला जमतं का? जमतं. कसं जमवायचं ते इथे क्रमानं लिहिते आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपला ग्राहक आयुष्याची पुंजी अशा वस्तूत घालतो, जी बहुतेक वेळा अजून उभीही राहिलेली नसते. तिच्याबद्दल खरं बोलायचं तर ती आधी आपल्याला कळली पाहिजे. साइट आणि कागद ही दोन्ही ज्या बाईला वाचता येतात, तिला कुणी फार काळ रिसेप्शनच्या खुर्चीत बसवून ठेवू शकत नाही.

पहिली पायरी: दार निवडा

बांधकामातलं मार्केटिंग म्हणजे एकच नोकरी नाही. ढोबळमानानं तीन दारं आहेत.

पहिलं दार विकासकाकडचं, म्हणजे घरं आणि दुकानं विकण्याचं. ग्राहक कुटुंब घेऊन येतो, शनिवार-रविवार कामाचे दिवस असतात आणि सुट्टी मंगळवारी-बुधवारी मिळते. नव्यानं येणाऱ्या मुलीला इथे साधारण प्री-सेल्स, म्हणजे फोनवर चौकशी हाताळणं, इथून सुरुवात मिळते. मग सोर्सिंग, म्हणजे चॅनल पार्टनर (ग्राहक आणणारे बाहेरचे एजंट) सांभाळणं, आणि क्लोजिंग, म्हणजे समोर बसून व्यवहार ठरवणं. मोहिमा, जाहिराती, बजेट हे मार्केटिंग खात्याचं काम याला लागूनच असतं.

दुसरं दार साहित्याचं: सिमेंट, सळई, टाइल्स, रंग, पाइप, वॉटरप्रूफिंगची रसायनं. इथे ग्राहक म्हणजे डीलर, ठेकेदार, आर्किटेक्ट, आरसीसी कन्सल्टंट (इमारतीच्या सांगाड्याचं डिझाइन करणारा) आणि गवंडी. फिरती भरपूर. पण या दारातून आलेल्या बाईला धंद्याची नाडी फार लवकर सापडते, असं माझं ठाम मत आहे. मी हे दार उशिरा उघडलं याची मला हळहळ आहे.

तिसरं दार ठेकेदार कंपन्यांचं आणि सल्लागारांचं. पूल, रस्ते, कारखान्यांची शेड, पाण्याच्या टाक्या. याला बिझनेस डेव्हलपमेंट म्हणतात. निविदा वाचणं, पूर्वीच्या कामांचे दाखले जमवणं, पूर्व-पात्रतेची कागदपत्रं तयार करणं, बैठकीत सादरीकरण करणं, असं ते काम. सिव्हिलची पदवी किंवा डिप्लोमा असेल तर इथे फार उपयोगी पडतो.

सिव्हिलचं शिक्षण नसेल तर घाबरू नका. वाणिज्य, कला, मास मीडिया कुठल्याही शाखेतून आलेल्या बायका या कामात उत्तम करताना मी पाहिल्या आहेत. सोय असेल तर पुण्यात बालेवाडीला निकमार आहे, बांधकाम व्यवस्थापन तिथे खास शिकवतात. पण पैसे आणि दोन वर्षं हातात नसतील तर थांबून राहू नका. पुढची पायरी फुकट आहे.

दुसरी पायरी: पहिले तीन महिने साइटचे

रुजू होताना वरिष्ठांना सांगा, आठवड्यातून दोन सकाळी मला साइटवर जायचं आहे. बहुतेक जण हो म्हणतात, कारण असं कुणी मागतच नाही.

जाताना पायात बंद बूट, डोक्यावर हेल्मेट, केस बांधलेले, ओढणी नको. पिशवीत पाच मीटरचा मेजर टेप, वही, पाण्याची बाटली. टेप स्वतःचा घ्या. ग्राहकासमोर पिशवीतून टेप काढून खोली मोजून दाखवणारी बाई त्याच्या लक्षात राहते.

क्रम समजून घ्या: खोदाई, पीसीसी (तळाचा साध्या काँक्रीटचा थर), फुटिंग (खांबाचा पाया), प्लिंथ (जोतं), कॉलम (खांब), मग एकेक स्लॅब, वीटकाम किंवा ब्लॉकचं काम, वायरिंगचे पाइप, प्लॅस्टर, वॉटरप्रूफिंग, फरशी, दारं-खिडक्या, रंग. आता प्लिंथला असलेली इमारत पुढच्या दिवाळीला कुठवर जाईल, हे तुम्हाला अंदाजानं सांगता आलं पाहिजे आणि तो अंदाज इंजिनिअरकडून तपासून घेता आला पाहिजे.

इंजिनिअर शिकवतो ते पुस्तकातलं. मुकादम आणि गवंडी शिकवतात ते हातातलं. ओळंबा लावून भिंत कशी बघतात, प्लॅस्टरवर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज कधी येतो, सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचे टेकू आणि फळ्या, घाईनं काढलं तर काय होतं, हे त्यांना विचारा. दादा, मामा म्हणून विचारलं आणि उत्तर वहीत लिहून घेतलं की माणसं मनापासून सांगतात. वाळू आणि खडी ब्रासमध्ये मोजतात, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. पण बांधकामाच्या क्षेत्रफळाबद्दल बोलताना तोच ब्रास शंभर चौरस फूट होतो. असे शब्द कळले नाहीत तर साइटवरच्या बोलण्यात आपण कायम पाहुण्याच राहतो.

स्लॅबचा दिवस चुकवू नका. पहाटेपासून काम चालतं. त्या दिवशी काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे चौकोनी ठोकळे भरून ठेवतात आणि ते सात आणि अठ्ठावीस दिवसांनी दाबून त्यांची ताकद तपासतात. साध्या ओपीसी सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस, पीपीसीसारखं मिश्र सिमेंट असेल तर किमान दहा दिवस पाणी मारावं लागतं. बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगनंतर पाणी साठवून ठेवून खालच्या मजल्यावर ओल येते का ते बघतात. या तीन गोष्टी ग्राहकाला सांगून बघा. वीस पानी ब्रोशर जे करत नाही ते एका ठोकळ्याच्या चाचणीचा अहवाल करतो. आमच्या एका प्रकल्पात आम्ही हे अहवाल सेल्स ऑफिसच्या भिंतीवर तारखांसकट लावले होते. लोक चहाचा कप हातात धरून ते वाचत उभे राहायचे.

नकाशा वाचणं यातच आलं. कॉलम कुठे, बीम कुठे, डक्ट (पाइपांसाठीची उभी मोकळी जागा) कुठे, खिडकीची दिशा कोणती, दार आत उघडतं की बाहेर. आणि कार्पेट एरिया, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणारं क्षेत्रफळ, स्वतः काढायला शिका. रेराच्या, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या, व्याख्येप्रमाणे त्यात आतल्या भिंतींची जागा धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. कागदावर चौरस मीटर असतात आणि ग्राहकाच्या डोक्यात चौरस फूट, म्हणून १०.७६४ हा आकडा पाठ हवा. ६२ चौरस मीटर म्हणजे सुमारे ६६७ चौरस फूट, हे तोंडी यायला हवं.

तिसरी पायरी: कागदावर नसलेलं तोंडून निघता कामा नये

स्थावर संपदा कायदा २०१६ चा. महाराष्ट्रात महारेराचं, म्हणजे तो राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं, काम २०१७ पासून सुरू झालं. मी त्याच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही काळ पाहिले. आधी 'लवकरच येत आहे' असा फलक लावून पैसे गोळा करणं सर्रास चालायचं. आता प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात करता येत नाही, बुकिंग घेता येत नाही. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर अशा छोट्या प्रकल्पांना सूट आहे. नोंदणीशिवाय विकलं तर प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. मार्केटिंगवालीनं हे सगळं वकिलाइतकं जाणलं पाहिजे, कारण जाहिरातीचा मजकूर तिच्या हातातून जातो.

जाहिरात सोडण्याआधी मी जे बघते ते असं. नोंदणी क्रमांक आणि महारेराच्या संकेतस्थळाचा पत्ता वाचता येईल एवढ्या अक्षरात आहे का. क्यूआर कोड आहे का आणि तो मोबाइलनं उघडतो का. १ ऑगस्ट २०२३ पासून तो सक्तीचा आहे. क्षेत्रफळ कार्पेटमध्येच दिलंय का. चित्रात दाखवलेला जलतरण तलाव मंजूर नकाशात खरंच आहे का, आणि असला तर याच टप्प्यात आहे की पुढच्या. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असं वाक्य असेल तर मी स्वतः सकाळी नऊ वाजता तो रस्ता जाऊन बघते. दर वेळी ते वाक्य खोडावं लागलं आहे. त्या जागी मी अंतर किलोमीटरमध्ये लिहिते.

कायद्याचं बारावं कलम नीट वाचा. जाहिरातीवर, माहितीपत्रकावर किंवा सॅम्पल फ्लॅटवर विसंबून कुणी पैसे भरले आणि ती माहिती खोटी निघून त्याचं नुकसान झालं, तर भरपाई द्यावी लागते. व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासह परत करावे लागतात. सॅम्पल फ्लॅटचा उल्लेख कलमातच आहे, हे फार जणींना माहीत नसतं. तिथे छोटा पलंग ठेवून खोली मोठी दाखवणं, दारंच न बसवणं, हे प्रकार सुचवले गेले तर स्पष्ट नाही म्हणा. वापरायचा आहे तेवढाच पलंग ठेवा. जे फर्निचर, दिवे, फॉल्स सीलिंग किमतीत नाही, त्यावर तशी चिठ्ठी लावा.

करारनामा करून नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकाकडून येणाऱ्या पैशांपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवून जमीन आणि बांधकामावरच खर्च करावे लागतात. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवला तर तीस दिवसांत विकासकानं स्वखर्चानं दुरुस्त करून द्यायचा असतो. हे ग्राहकाला त्याच्या विचारण्याआधी सांगा. तुम्ही स्वतंत्रपणे एजंट म्हणून काम करणार असाल तर महारेराची नोंदणी लागते आणि २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षा देणंही आलं. नोकरीत असलात तरी ही परीक्षा द्या. दोन महिने अभ्यास करावा लागतो आणि तो आयुष्यभर पुरतो.

कायद्याबरोबर कागदांची ओळखही हवी: सातबारा, एनए (बिगरशेती परवानगी), टायटलचा सर्च रिपोर्ट (जमिनीच्या मालकीची तपासणी), मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करण्याचा दाखला, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला परवानगी). लीगलच्या टेबलाशी आठवडाभर बसा आणि एका प्रकल्पाची फाइल पहिल्या पानापासून वाचा.

चौथी पायरी: हिशोब समोर मांडता आला पाहिजे

घर बघायला आलेल्या कुटुंबाचा खरा प्रश्न एकच असतो: आमच्या खिशातून किती जाणार? सेल्सच्या टेबलावर त्याचं उत्तर बहुतेक वेळा टाळलं जातं. मी ते कागदावर लिहून देते.

समजा पुणे महापालिका हद्दीत बांधकाम चालू असलेला फ्लॅट आहे, करारातली किंमत ६० लाख. मुद्रांक शुल्क अधिभारांसह सात टक्के धरलं तर ४ लाख २० हजार. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत, म्हणजे ३ लाख ६० हजार. नोंदणी शुल्क ३० हजार, ३० लाखांच्या वर तेवढ्यावरच थांबतं. जीएसटी पाच टक्के, ३ लाख. बाईच्या नावावरचा एकूण आकडा ६६ लाख ९० हजार होतो. बँक या किमतीच्या घराला जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ४८ लाख देऊ शकते आणि मुद्रांक, नोंदणी त्या किमतीत धरत नाही. म्हणजे १२ लाख स्वतःचे, अधिक ३ लाख ९० हजार, आणि जीएसटीतलं बँक किती धरते ते आधी विचारून घ्यायचं. हा कागद बघून काही जण उठून जातात. जाऊ द्या. सहा महिन्यांनी पैसे जमवून तेच परत आलेले मी पाहिले आहेत, आणि फसून बुकिंग केलेला माणूस रद्द करायला येतो तेव्हा दोन्हीकडचा त्रास बघवत नाही.

बायकांच्या नावावरच्या सवलतीबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथे सर्रास चूक होते. १ एप्रिल २०२१ पासून राज्यात निवासी घराला ही सवलत आहे. नवऱ्याबरोबर संयुक्त नाव घातलं की ती मिळत नाही. सुरुवातीला ते घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही अशी अट होती, ती २०२३ मध्ये काढली. ज्या बाईला हे कुणी सांगत नाही, तिच्या नावावर घर होण्याची शक्यताच घरात बोलली जात नाही. मी दोघांना समोर बसवून सांगते आणि बोलताना बाईकडे बघून बोलते. कितीतरी घरांत हा विषय पहिल्यांदा आमच्या टेबलावर निघाला. या कामातली माझी सगळ्यात मोठी मिळकत ती.

भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर विकलेल्या घराला जीएसटी लागत नाही. ४५ लाखांपर्यंतच्या आणि क्षेत्रफळाच्या मर्यादेत बसणाऱ्या परवडणाऱ्या घरांना तो एक टक्का असतो. दर अर्थसंकल्पात बदलू शकतात, म्हणून एप्रिल उजाडला की आपला कागद नव्यानं तपासायचा.

पाचवी पायरी: मोहीम आखणं आणि तिचे आकडे ठेवणं

आपल्याकडे घरखरेदीला पंचांग आहे. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा, दिवाळी या दिवसांत बुकिंग होतं. पितृपक्षात लोक बघून जातात पण टोकन देत नाहीत. म्हणून पाडव्याची मोहीम जानेवारीत आखायची आणि पितृपक्षाचे दिवस प्रशिक्षणाला, जुन्या ग्राहकांच्या गाठीभेटींना, सॅम्पल फ्लॅटच्या डागडुजीला द्यायचे.

मोहिमेचा हिशोब तीन आकड्यांत ठेवा. समजा एका महिन्यात एका माध्यमावर तीन लाख खर्च झाले, त्यातून ३०० चौकश्या आल्या, ३० कुटुंबं साइटवर आली, तीन बुकिंग झाली. एका चौकशीला हजार, एका भेटीला दहा हजार, एका बुकिंगला एक लाख. होर्डिंग, वर्तमानपत्र, पोर्टल, चॅनल पार्टनर, जुन्या ग्राहकाची ओळख, प्रत्येकाची अशी वेगळी ओळ करा. दर सोमवारी ही ओळ घेऊन बसणाऱ्या बाईला कुणी 'तुम्ही फक्त ब्रोशरचे रंग बघा' असं म्हणत नाही.

पैसे कुठे घालायचे यावर माझं मत विचाराल तर आधी जुन्या ग्राहकावर. दर महिन्याला त्याच्या इमारतीचा, त्याच्या मजल्याचा ताजा फोटो पाठवा. काम थांबलं असेल तर का थांबलं तेही कळवा. पावसाळ्यात खोदाईत पाणी भरलं म्हणून आमचं काम पाच आठवडे रखडलं होतं. मी ते फोटोसकट कळवलं तेव्हा ऑफिसात सगळे नाराज होते. त्याच प्रकल्पात पुढे आलेली बरीचशी बुकिंग आधीच्या ग्राहकांनी पाठवलेल्या माणसांची होती.

साहित्याच्या क्षेत्रात चित्र वेगळं. तिथे डीलर माल ठेवतो, पण कोणती गोणी उघडायची हे पुष्कळदा गवंडी ठरवतो. गवंड्यांचा मेळावा घ्यायचा तर संध्याकाळी सहानंतर, आठवड्याच्या बाजाराचा दिवस बघून. बाजाराच्या दिवशी सुट्टी असते, पगार झालेला असतो, माणसं मोकळी असतात. भाषण दहा मिनिटं, प्रात्यक्षिक अर्धा तास. त्याला हवं असतं एवढंच: एका गोणीत किती चौरस फूट काम होतं, माल कालवल्यावर किती वेळ चालतो, उन्हाळ्यात काय करायचं, चूक झाली तर दुरुस्त कसं करायचं. पहिल्या मेळाव्यात माझ्याकडे बघून दोघं-तिघं गालात हसले होते. मी घमेल्यात माल स्वतः कालवला आणि थापीनं लावला. तो नीट बसला नाही. एका वयस्क गवंड्यानं थापी माझ्या हातातून घेऊन मनगट कसं फिरवायचं ते दाखवलं. पुढची चार वर्षं त्या तालुक्यातली माझी सगळी खबर त्यांच्याकडून यायची.

नवीन वस्तू विकायची असेल तर 'पहिली साइट' मिळवणं हेच सगळ्यात कठीण काम. इथे मला शकुंतला भगत आठवतात. पूलबांधणीतले नावाजलेले अभियंते एस. बी. जोशी यांच्या त्या कन्या. १९५३ मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआयमधून त्या सिव्हिल इंजिनिअर झाल्या. पुढे पती अनिरुद्ध यांच्यासोबत त्यांनी क्वाड्रिकॉन ही कंपनी काढली. कारखान्यात तयार केलेले ठरावीक सुटे भाग जुळवून वेगवेगळ्या लांबी-रुंदीचे पोलादी पूल उभे करायची त्यांची पद्धत होती. अशी नवी पद्धत पहिल्यांदा वापरायला सरकारी खाती कचरत होती. १९७२ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या स्पितीमध्ये त्यांचा पूल उभा राहिला आणि तिथून पुढची कामं येत गेली. बांधकामात तोंडी खात्रीला फारशी किंमत नसते, उभ्या असलेल्या कामाला असते. म्हणून नवीन उत्पादन असेल तर पहिल्या तीन साइट जवळच्या, चांगल्या देखरेखीच्या निवडा, कमी नफ्यात द्या, आणि वर्षभरानं तिथे नेऊन दाखवा.

पुनर्विकास: इथे बायकांची गरज आहे

पुण्या-मुंबईत जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास हे आता मोठं काम आहे, आणि इथल्या मार्केटिंगबद्दल फार कमी बोललं जातं. इथे ग्राहकाला नवीन घर दाखवायचं नसतं. ज्या घरात त्याचे आईवडील गेले, मुलांची लग्नं झाली, ते घर सोडायला त्याला तयार करायचं असतं. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्देशांप्रमाणे विकासक निवडण्याच्या विशेष सर्वसाधारण सभेला एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश हजर लागतात, किमान ५१ टक्क्यांची लेखी संमती लागते, सभेचं चित्रीकरण होतं. या सगळ्याला सामोरं जायचं ते घराघरांत आधी बोलून.

सभेत बोलतात पुरुष. अडलेलं असतं मात्र घरातल्या आजींचं. भाड्याच्या घरात लिफ्ट असेल का, देवघर कुठल्या दिशेला येईल, शेजारी तेच राहतील का, मी परत येईपर्यंत असेन का. हा शेवटचा प्रश्न मला तीन आजींनी विचारला आहे. उत्तर देता येत नाही. पण त्यांच्याशेजारी बसून वेळापत्रक समजावता येतं, आणि जवळपास भाड्याचं घर शोधायला माणूस देता येतो. तो खर्च मी मार्केटिंगच्या बजेटमध्ये मागून घेते.

सहावी पायरी: स्वतःची सुरक्षा आणि स्वतःचे पैसे

यावर स्पष्ट लिहायला हवं. अर्धवट इमारतीत अनोळखी माणसाला फ्लॅट दाखवायला एकटीनं जायचं नाही. ग्राहकाचं नाव, मोबाइल आधी नोंदवायचा, सोबत ऑफिस बॉय किंवा सुरक्षारक्षक घ्यायचा, अंधार पडल्यावर दाखवणं बंद. कामासाठी वेगळा फोन नंबर ठेवा. मुलाखतीतच विचारा: साइटवर बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, उशीर झाला तर घरी सोडायची सोय काय. हे विचारायला संकोच करू नका. उत्तर ऐकूनच कंपनी कळते.

लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्यात कामानिमित्त जिथे जावं लागतं ती प्रत्येक जागा, कंपनीची गाडीसुद्धा, कामाची जागा धरली आहे. म्हणजे साइट आली, चॅनल पार्टनरची पार्टीही आली. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी आणि तिची अध्यक्ष बाई हवी. त्याहून लहान ऑफिस असेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. त्या दिवशीच तारीख, वेळ, कोण हजर होतं हे लिहून ठेवा.

आता पैसे. या क्षेत्रात पगारापेक्षा इन्सेंटिव्हचं आमिष मोठं दाखवतात. नियुक्तीपत्रात लिहून घ्या: इन्सेंटिव्ह बुकिंगवर मिळणार, करारनाम्याच्या नोंदणीवर की ठरावीक टक्के रक्कम जमा झाल्यावर? बुकिंग रद्द झालं तर? नोकरी सोडली तर राहिलेलं कधी मिळणार? एका ठिकाणी मी अकरा बुकिंग केली, नोंदणी व्हायच्या आत नोकरी सोडली आणि 'करारनामा तुमच्या काळात झाला नाही' म्हणून मला काहीच मिळालं नाही. कागदावर काही नव्हतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

बाळंतपणाच्या रजेआधी, पहिल्या दोन मुलांसाठी ती पगारी २६ आठवड्यांची असते, तुमच्या हातातल्या प्रत्येक ग्राहकाची यादी, त्याची अवस्था आणि इन्सेंटिव्हची वाटणी ईमेलवर ठरवून घ्या. परत आल्यावर 'आता बाळ लहान आहे' म्हणून बॅक ऑफिसला बसवायचा प्रयत्न होतो, बहुतेक वेळा काळजीपोटीच. साइटच्या दोन सकाळी सोडू नका.

सातवी पायरी: नकाशा मंजूर होण्याआधीच्या बैठकीत बसणं

पाच-सहा वर्षं झाली की पुढची जागा मागायची, आणि ती जागा म्हणजे आर्किटेक्टबरोबरची पहिली बैठक. इमारत बांधून झाल्यावर ती कशी विकायची हे ठरवण्यापेक्षा आधीच काय बांधायचं हे ठरवणं जास्त मोलाचं. तिथे आकडे घेऊन जा. गेल्या शंभर भेटींत किती कुटुंबांनी कपडे वाळत घालायची जागा विचारली, किती जणांना ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशिन बसत नव्हतं, किती घरांत व्हीलचेअर वापरणारं माणूस होतं आणि बाथरूमचं दार अरुंद निघालं. मी अशी वही ठेवते, प्रत्येक भेटीनंतर दोन ओळी. एका प्रकल्पात या वहीमुळे बाथरूमची दारं रुंद झाली. त्या बैठकीत मी एकटीच बाई होते, पण माझ्याकडे दोनशे घरांची नोंद होती.

ओळखी वाढवायला क्रेडाई या विकासकांच्या संघटनेच्या महिला शाखेचे कार्यक्रम चांगले आहेत. आर्किटेक्ट, वकील, कंत्राटदार बायका तिथे भेटतात.

नोकरी बदलताना सोबत नेण्याची फाइल आजपासून जमवायला लागा. त्यात तुम्ही लिहिलेल्या जाहिराती ठेवा, प्रत्येकीमागे खर्च आणि बुकिंगचा आकडा. कंपनीची गुपितं आणि ग्राहकांचे नंबर त्यात नकोत, ते तुमचे नाहीत. ग्राहकांनी लिहिलेली दोन पत्रं ठेवा. महारेराचं प्रमाणपत्र ठेवा. आणि सगळ्यात वर एका फ्लॅटचा नकाशा ठेवा, ज्यावर बीम, कॉलम, डक्ट तुम्ही स्वतःच्या हातानं पेन्सिलनं दाखवले आहेत. मुलाखतीला आलेल्या मुलींकडे मी आता पहिल्यांदा तोच मागते.